वन्यप्राणी हलवले जातात. प्रश्न कुठे जातो?

२०२५च्या अखेरीस पुणे जिल्ह्यातील जुन्नर वनविभागात बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आणि शिरूर, आंबेगाव, जुन्नर परिसरातील संतप्त ग्रामस्थ रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी एकच होती : बिबटे पकडा आणि इथून घेऊन जा. शासनानेही पिंजऱ्यांची संख्या वाढवणे, नसबंदीचा प्रयोग करणे आणि पकडलेले बिबटे जिल्ह्याबाहेर, शक्य झाल्यास राज्याबाहेर हलवणे अशा उपायांची चर्चा सुरू केली. शेतात खुरपणीला जाताना मानेभोवती काही बांधून जावे की काय, असा विचार ज्या बाईला करावा लागतो, तिच्या दृष्टीने ही मागणी रास्तच आहे. तिला बिबट्याच्या स्वभावशास्त्रावर व्याख्यान नको असते. तो उद्या बांधावर दिसू नये, इतकेच हवे असते.

मात्र नेमकी हीच मागणी याच तालुक्यांतून पंचवीस वर्षांपूर्वीही झाली होती आणि ती तेव्हा मान्यही झाली होती. त्याचे काय झाले, याची नोंद उपलब्ध आहे. देशातील वन्यजीव व्यवस्थापनाच्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे उत्तर देणारे प्रसंग फार थोडे आहेत आणि इतके विसरले गेलेलेही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर परिसराचे रूप पालटले. कोरडवाहू जमिनीवर ऊस उभा राहिला. बिबट्याला दडायला दाट आडोसा, प्यायला पाणी आणि खायला कुत्री, डुकरे, शेळ्या असे सारे एकाच फडात मिळू लागले. उसात जन्मलेल्या आणि उसातच वाढलेल्या बिबट्यांना जंगल हे घर नव्हतेच. २००१ नंतर वनविभागाने पिंजरे लावून बिबटे पकडण्याची मोहीम हाती घेतली आणि पकडलेले बिबटे जवळपासच्या जंगलपट्ट्यांत सोडले. ‘जंगली प्राणी जंगलात’ हे सूत्र ऐकायला इतके सरळ होते की, त्यावर शंका घेण्याचे कोणाला कारण नव्हते.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मोहिमेचा अभ्यास करून २०११ मध्ये ‘कॉन्झर्व्हेशन बायोलॉजी’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे तीन वर्षांत २९ बिबटे पकडून सरासरी ४० किलोमीटर अंतरावरील जंगलांत सोडण्यात आले होते. या मोहिमेआधी जुन्नर परिसरात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहिमेच्या काळात ही सरासरी १७ वर गेली. प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. बिबटे जिथे सोडले, त्या जंगलांच्या आसपासची गावे नव्याने या यादीत आली. म्हणजे एका गावाची सुटका करण्यासाठी चालवलेल्या गाडीने दुसऱ्या गावाच्या वेशीवर संकट उतरवले आणि पहिल्या गावाचीही सुटका झाली नाहीच.

मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा अनुभव याहून वेगळा नाही. इतर ठिकाणी पकडलेले बिबटे आणून सोडण्यासाठी हे उद्यान काही काळ सोयीचे मानले जात होते. २००२ ते २००४ या काळात उद्यानाभोवतीच्या वस्त्यांमध्ये हल्ले कमालीचे वाढले. पुढे बाहेरून बिबटे आणून सोडणे थांबले, कचरा आणि भटक्या कुत्र्यांकडे लक्ष दिले गेले, वस्त्यांमध्ये जनजागृती झाली, आणि हल्ले घटले. बिबटे मात्र तिथेच राहिले, आजही आहेत.

हे असे का होते, याचे उत्तर प्राण्याच्या डोक्यात असलेल्या नकाशात आहे. बिबट्या, वाघ, हत्ती हे कुठेही टाकले तरी तिथे रुजणारे प्राणी नव्हेत. पाणी कुठे आहे, शिकार कुठे मिळते, कोणत्या नाल्यातून दिवसा दिसल्याशिवाय जाता येते, कोणता कुत्रा भुंकतो आणि कोणत्या वाडीत रात्री माणसे जागी असतात, हे सारे त्याने वर्षानुवर्षे शिकलेले असते. माणसांच्या गर्दीत राहूनही तो माणसाला टाळू शकतो, तो या माहितीच्या बळावर. त्याला बेशुद्ध करून, पिंजऱ्यात घालून, अपरिचित डोंगरावर सोडले की ही सारी शिदोरी एका क्षणात निरुपयोगी ठरते. सोडलेल्या जागी बहुधा दुसऱ्या बिबट्याची हद्द असते. तो याला हुसकावतो. मग हा प्राणी चालू लागतो : कधी घराच्या दिशेने, कधी वाट फुटेल तिकडे. भुकेला, गोंधळलेला, माणसांकडून नुकताच जेरबंद होऊन सुटलेला बिबट्या अनोळखी गावांमधून जात असेल, तर गाठ पडण्याचा धोका वाढतो. इकडे त्याच्या मूळ जागी आडोसा आणि अन्न तसेच असल्याने दुसरा बिबट्या येऊन राहतो. बहुधा तो वयाने तरुण आणि परिसराला नवखा असतो.

मराठी प्रेक्षकांना या प्रवासाची एक गोष्ट पडद्यावरून ठाऊक आहे. २०१४ मध्ये प्रदर्शित झालेला ‘आजोबा’ हा चित्रपट ज्या बिबट्यावर बेतलेला होता, तो २००९ मध्ये अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर परिसरात विहिरीत पडलेला सापडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. तो घाटात थांबला नाही. महामार्ग, लोहमार्ग, वसई परिसरातील औद्योगिक पट्टा ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून काही आठवड्यांत तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. वाटेत त्याने कोणावरही हल्ला केला नाही. चित्रपटाने या प्रवासाचे कौतुक केले आणि ते योग्यच होते. पण धोरण आखणाऱ्यांसाठी त्यातला धडा अधिक रुक्ष आहे. सोडणाऱ्याने निवडलेली जागा आणि प्राण्याने निवडलेली जागा यांचा एकमेकांशी संबंध असेलच, असे नाही. पुढे २०११ मध्ये मुंबईलगतच्या महामार्गावर वाहनाच्या धडकेत तो मरण पावला.

वाघाबाबत हाच अनुभव मध्य प्रदेशात आला. पन्ना व्याघ्र प्रकल्पातील सारे वाघ २००९ पर्यंत संपले होते. पुन्हा वाघ वसवण्यासाठी त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पेंचहून एक नर वाघ आणण्यात आला. काही दिवसांतच तो पन्नाबाहेर पडला आणि दक्षिणेकडे, आपल्या मूळ ठिकाणाच्या दिशेने, निघाला. वनकर्मचारी हत्तींवरून आणि जीपमधून महिनाभर त्याच्या मागे राहिले. चारशेहून अधिक किलोमीटरची ही यात्रा संपवून डिसेंबरच्या अखेरीस त्याला पुन्हा बेशुद्ध करून पन्नाला आणावे लागले. पेंच ते पन्ना हा रस्ता त्याने कधी पाहिलेला नव्हता. तो बेशुद्धावस्थेत आलेला होता. तरी दिशा त्याला ठाऊक होती.

आपल्या पायांनी दूर जाणारे प्राणी आणि गाडीत घालून दूर नेलेले प्राणी यांत फरक केला पाहिजे. सार्वजनिक चर्चेत हा फरक सर्रास पुसला जातो. वाघाचा बछडा दीड-दोन वर्षांचा झाला की आईची हद्द सोडतो. नर अधिक दूर जातात. ही भटकंती निसर्गाची योजना आहे; तिच्यामुळेच रक्ताच्या नात्यातील वाघांचे मीलन टळते. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या आणि ‘वॉकर’ नावाने प्रसिद्धी पावलेल्या वाघाने जून २०१९ मध्ये अभयारण्य सोडले. तेलंगणातील आदिलाबादपर्यंत जाऊन, विदर्भ-मराठवाड्याच्या शेतशिवारातून पाच महिन्यांत सुमारे १,३०० किलोमीटर फिरून तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढेही त्याची भटकंती चालूच राहिली. कापसाच्या आणि तुरीच्या शेतांत दिवसा पडून राहायचे आणि रात्री चालायचे, हा त्याचा क्रम होता. शेकडो गावांच्या शिवारातून वाघ गेला आणि बहुतेक गावांना त्याचा पत्ताही लागला नाही. कारण तो आपल्या गतीने, वाट चाचपत, नवा नकाशा स्वतः काढत चालला होता.

टिपेश्वरचाच आणखी एक वाघ डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात आणि शेजारच्या बार्शी तालुक्यात दिसला. ज्या भागात वाघ ही आजोबा-पणजोबांच्या काळातली गोष्ट झाली होती, तिथे तो अवतरल्यावर गुरांवर हल्ले झाले, भीती पसरली आणि प्रशासनाने नेहमीचा निर्णय घेतला : पकडा आणि हलवा. त्यासाठी राज्याच्या इतर भागांतून पथके आणण्यात आली, सापळे लावण्यात आले. वाघ अनेक महिने त्यांच्या हाती लागला नाही. गुरे गमावलेल्या शेतकऱ्याला भरपाई वेळेवर मिळते का, हा त्या काळातला अधिक महत्त्वाचा प्रश्न होता. पण बातम्या सापळ्यांच्याच झाल्या.

धोक्यात आलेला प्राणी नव्या जागी वसवायचा असेल, तर हेतू वेगळा असतो. तरी गावाचा अनुभव वेगळा असतोच असे नाही. ओडिशातील सातकोसिया व्याघ्र प्रकल्पात २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून ‘महावीर’ हा वाघ आणि ‘सुंदरी’ ही वाघीण आणण्यात आली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात वाघ वसवण्याचा तो देशातील पहिला प्रयोग होता. काही महिन्यांत दोन माणसांचे बळी गेल्याचा ठपका सुंदरीवर आला, ग्रामस्थांचा उद्रेक झाला, वनविभागाच्या मालमत्तेची जाळपोळ झाली. नोव्हेंबरमध्ये महावीर मृतावस्थेत सापडला. त्याच्या मानेवर फासाची जखम होती. सुंदरीला पकडून कोंडण्यात आले आणि २०२१ मध्ये ती मध्य प्रदेशात परतली, तीही मोकळ्या जंगलात नव्हे. सातकोसियाच्या जंगलात वाघासाठी जागा आहे का, याचा हिशेब झाला होता. जंगलाच्या आत आणि काठावर राहणाऱ्या लोकांना वाघ हवा आहे का, आणि हवा नसेल तर त्यांच्याशी काय बोलायचे, याचा झाला नव्हता.

त्याच ओडिशाने सहा वर्षांनी पुन्हा प्रयत्न केला, या वेळी महाराष्ट्राच्या मदतीने. सिमलीपाल व्याघ्र प्रकल्पातील वाघ इतर वाघांपासून तुटलेले आहेत. तिथे काळसर, रुंद पट्ट्यांचे वाघ मोठ्या प्रमाणात दिसतात. पर्यटकांना त्यांचे अप्रूप वाटते. पण बंगळूरच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की, हे एका जनुकातील बदलामुळे घडते आणि लहान, एकाकी समूहात आप्तांमध्येच प्रजनन होत राहिल्याची ती खूण आहे. नवे रक्त यावे म्हणून २०२४ मध्ये ताडोबातून ‘जमुना’ आणि ‘झीनत’ या दोन वाघिणी सिमलीपालला नेण्यात आल्या. कुंपणबंद जागेतून बाहेर सोडल्यानंतर थोड्याच दिवसांत झीनत सिमलीपालची हद्द ओलांडून झारखंडमध्ये गेली, तिथून पश्चिम बंगालच्या झाडग्राम, पुरुलिया आणि बांकुरा जिल्ह्यांत. सुमारे तीन आठवडे तीन राज्यांचे वनकर्मचारी तिच्या मागे होते. २९ डिसेंबर रोजी बांकुऱ्यात तिला बेशुद्ध करण्यात आले, कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात तपासणी झाली आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिला परत ओडिशात नेण्यात आले. चंद्रपूरच्या जंगलात जन्मलेली वाघीण बांकुऱ्याच्या गावाजवळ कशी आली, हे तिथल्या रहिवाशांना दूरचित्रवाणीवरून कळले. या काळात कोणाचा जीव गेला नाही, याचे श्रेय माग काढणाऱ्या पथकांना द्यायला हवे.

हत्तींच्या बाबतीत हे सारे अधिक मोठ्या आकारात घडते. केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील चिन्नकनाल परिसरातील ‘अरिकोम्बन’ हा हत्ती तांदळासाठी घरे आणि रेशन दुकाने फोडत असे. त्याचे नावच त्यावरून पडले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि एप्रिल २०२३ च्या अखेरीस त्याला पकडून पेरियार व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आले. महिना उलटायच्या आत तो सीमा ओलांडून तमिळनाडूतील कंबम या गजबजलेल्या गावाच्या रस्त्यांवर धावताना दिसला. तेथील एका रहिवाशाचा त्यात मृत्यू झाला. जूनमध्ये तमिळनाडूने त्याला पुन्हा पकडले आणि आणखी दक्षिणेला, कळक्काड-मुंडनथुराई व्याघ्र प्रकल्पात नेऊन सोडले. चिन्नकनालचा प्रश्न कंबमला गेला, तिथून आणखी पुढे. हत्ती तोच होता, तांदळाचे आकर्षणही तेच. जिल्हे आणि राज्ये तेवढी बदलली.

श्रीलंकेत पकडून इतरत्र सोडलेल्या १२ नर हत्तींचा उपग्रह कॉलरच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही हत्ती मूळ ठिकाणी परतले, काही भटकत राहिले आणि काही नव्या जागी, पण सोडलेल्या उद्यानाच्या बाहेर, गावांजवळ स्थिरावले. स्थानांतराने संघर्ष कमी झाला नाही, उलट पसरला, आणि हत्तींचे मृत्यूही वाढले, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष. बिबट्या, वाघ आणि हत्ती हे तीन अगदी वेगळ्या स्वभावाचे प्राणी आहेत, तरी उत्तर जवळपास सारखे येते. सापांबाबतही चित्र फारसे निराळे नाही. घरात निघालेला साप ‘सुरक्षित जंगलात’ म्हणून दूरवर सोडणाऱ्या हौशी सर्पमित्रांनी हे ध्यानात घ्यायला हवे.

असे असताना ‘हलवा’ हेच उत्तर पुनःपुन्हा का येते? एक कारण कायद्यातच आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ नुसार अनुसूची १ मधील प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरला, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतो. परंतु त्याआधी तो प्राणी पकडता, बेशुद्ध करता किंवा स्थलांतरित करता येणार नाही, याबद्दल त्याची खात्री झालेली असावी लागते. ही तरतूद हवीच. ती नसती तर बंदुकीचा वापर पहिल्याच दिवशी झाला असता. मात्र तिचा व्यवहारातील अर्थ असा झाला आहे की, मारण्याच्या मागणीला तोंड देणाऱ्या अधिकाऱ्यापुढे पिंजरा हा एकच सोपा मार्ग उरतो. कलम १२ मध्ये ‘वैज्ञानिक व्यवस्थापना’साठी पर्यायी योग्य अधिवासात स्थानांतर करण्याची मुभा आहे; त्यातील ‘योग्य’ या शब्दाची कसोटी काय, हे ठरवणे प्रत्येक वेळी घाईच्या वेळेवर सोपवले जाते.

दुसरे कारण राजकीय आहे आणि ते लपवण्याचे प्रयोजन नाही. पिंजरा दिसतो. पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या गाडीवर चढवला जातो, त्याचे छायाचित्र प्रसिद्ध होते, लोकप्रतिनिधी घटनास्थळी असतात. गावाला दिलासा मिळतो, निदान त्या आठवड्यापुरता. पडक्या विहिरींना कठडे बांधणे, शाळकरी मुलांसाठी वाहनाची सोय करणे, गोठे बंदिस्त करणे, शेतीसाठी दिवसा वीज देणे या गोष्टी दिसत नाहीत, त्यांना अनेक खात्यांची संमती लागते आणि त्यांचे श्रेय कोणा एकाला मिळत नाही. रात्रीच्या विजेवर पाणी देणारा शेतकरी बिबट्याच्याच वेळेला शेतात असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वीज वितरणाचे वेळापत्रक वनविभागाच्या हाती नसते.

तिसरा मुद्दा याहून कमी बोलला जातो. ज्या गावातून प्राणी जातो, ते गाव आवाज उठवू शकते. ज्या गावाजवळ तो उतरवला जातो, त्या गावाला विचारलेले नसते. केंद्रीय वन मंत्रालयाने २०११ मध्ये मानव-बिबट्या संघर्षासाठी जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांनी पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडण्याच्या प्रथेला विरोध केला आहे. सूचना बंधनकारक नसतात आणि आंदोलनाच्या दिवशी त्या कोणी उघडून पाहत नाही.

जे प्राणी कोणी न आणता आले, त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकता येते. कर्नाटकातून दांडेलीच्या बाजूने हत्ती २००२ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात उतरले. ओडिशा-छत्तीसगडकडून आलेला कळप ऑक्टोबर २०२१ मध्ये गडचिरोलीत दाखल झाला. दोन्ही ठिकाणी हत्ती नवे नव्हते असे इतिहास सांगेल. पण जिवंत माणसांच्या आठवणीत ते नव्हते. आसाम किंवा उत्तर बंगालमधील शेतकऱ्याला हत्ती कोणत्या वेळी येतो, कसा वळवायचा, कधी मागे सरायचे हे वडिलांकडून कळलेले असते. गडचिरोलीच्या धान उत्पादकाला ते माहीत असण्याचे कारण नव्हते. कळपाला हाकण्यासाठी पश्चिम बंगालमधून जाणकार पथके बोलवावी लागली. हत्ती शेकडो किलोमीटर चालत आला, त्याच्यासोबत जगण्याचे ज्ञान मात्र त्याच्याबरोबर आले नाही.

मध्य प्रदेशातील बांधवगड हे या तुटलेपणाचे सर्वांत दुःखद उदाहरण. २०१८ च्या सुमारास छत्तीसगडकडून आलेले हत्ती तिथे स्थिरावले. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कोदोच्या शेतात चरलेल्या कळपातील दहा हत्ती काही दिवसांत मरण पावले. आधी विषप्रयोगाचा संशय व्यक्त झाला. बरेली येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र बुरशी लागलेल्या कोदोत तयार होणारे सायक्लोपियाझोनिक आम्ल आढळले. ओल्या हवेत बिघडलेले कोदो गुरांना चढते, हे त्या भागातील शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ते हत्तींना माहीत नव्हते आणि हत्ती सांभाळणाऱ्या यंत्रणेनेही त्याचा विचार केलेला नव्हता.

राज्यांच्या सीमांनी यात आणखी भर घातली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये कर्नाटकात पूर्वी पकडून, कॉलर लावून सोडलेल्या हत्तीने केरळच्या वायनाडमध्ये एका शेतकऱ्याच्या घराच्या आवारात शिरून त्याचा बळी घेतला. हत्तीच्या गळ्यात यंत्र होते, संकेत येत होते. ते शेजारच्या राज्याला वेळेवर मिळाले का, यावर दोन्ही सरकारांमध्ये आरोप-प्रत्यारोप झाले. त्यानंतर महिन्याभरातच केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडू यांनी समन्वयाच्या सनदेवर स्वाक्षऱ्या केल्या. कोकण-कर्नाटक-गोवा किंवा विदर्भ-छत्तीसगड-तेलंगणा या पट्ट्यांसाठी तसाच कायमस्वरूपी आणि गावपातळीपर्यंत पोहोचणारा समन्वय आजही तितकाच निकडीचा आहे. सिंधुदुर्गातील ‘ओंकार’ हा हत्ती २०२५ मध्ये गोव्यातील पेडणे तालुक्यात शिरला तेव्हा दोन्हीकडच्या बागायतदारांना तो अनुभव आला.

म्हणून प्राणी कधीच हलवू नयेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पन्नातला तो पळून गेलेला आणि परत आणलेला नर पुढे तिथेच रमला. आज पन्नात पन्नासहून अधिक वाघ आहेत आणि त्यांतील अनेकांच्या वंशावळीत तो आहे. राजस्थानातील सरिस्काही २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने वाघ आणून पुन्हा वसले. या दोन्ही ठिकाणी प्राणी नसलेल्या जागी प्राणी आणला गेला, त्यामागे दीर्घ पूर्वतयारी होती आणि सोडल्यानंतरची वर्षानुवर्षांची पाळत होती. गावाने नको म्हटलेला प्राणी दृष्टीआड करण्याचा हेतू त्यात नव्हता. दोन्ही कामांना ‘स्थानांतर’ हाच शब्द वापरला जातो आणि त्यामुळे एकाच्या यशाचा दाखला दुसऱ्यासाठी दिला जातो. कुनोमध्ये नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या चित्त्यांपैकी काहींना हद्दीबाहेरून वारंवार परत आणावे लागले, तेव्हाही ही गल्लत झाली होती.

महाराष्ट्रात आता त्याची परीक्षा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात होत आहे. २०१० मध्ये चांदोली आणि कोयना मिळून झालेल्या या प्रकल्पात वाघ नावापुरतेच होते. अलीकडच्या वर्षांत दक्षिणेकडून काही नर वाघ स्वतः चालत येऊन थांबले. मादी नसल्याने त्यांचे थांबणे पुढे सरकत नव्हते. केंद्राच्या मंजुरीने ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ आणण्याची ‘ऑपरेशन तारा’ ही योजना आखली गेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची पहिली वाघीण चांदोलीत पोहोचली. तिला कॉलर लावून आधी कुंपणबंद जागेत ठेवण्यात आले. ताडोबाच्या साग-बांबूच्या सपाट वनातून सह्याद्रीच्या सदाहरित उतारांवर, विपुल शिकारीतून विरळ शिकारीत तिला जावे लागले. झीनतप्रमाणे यांतील एखादी वाघीण हद्द ओलांडून शाहूवाडी, पाटण किंवा शिराळा तालुक्याच्या गावांत उतरू शकते, हे गृहीत धरूनच आखणी व्हायला हवी. तसे झाले तर तिला ‘भरकटलेली’ किंवा ‘उपद्रवी’ ठरवण्याची घाई न करता गुरांची भरपाई त्याच आठवड्यात देणारी व्यवस्था आणि गावाला आधीपासून ओळखीचा असलेला वनरक्षक तिथे असणे, हे पथक बोलावण्याहून अधिक उपयोगाचे ठरेल.

जुन्नरमध्ये परिस्थिती याच्या उलट आहे : तिथे प्राणी कमी नाहीत, जास्त आहेत आणि त्यांचे घर ऊसच आहे. माणसावर हल्ला केल्याचे पुराव्यानिशी सिद्ध झालेला बिबट्या तिथून कायमचा हलवणे किंवा अपरिहार्य झाल्यास ठार करणे, याला शास्त्रीय आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हाती लागेल तो बिबट्या पकडून आकडा वाढवण्याला. असे निर्दोष बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात कोंडले, तर केंद्र भरते. इतर जंगलांत सोडले, तर २००१ ची पुनरावृत्ती होते. परराज्यात किंवा खासगी संग्रहालयात पाठवले, तरी रिकाम्या झालेल्या फडात पुढच्या तोडणीपर्यंत नवा बिबट्या आलेला असतो. महाराष्ट्रात हल्ल्यात मृत्यू झाल्यास वारसांना २५ लाख रुपये मिळतात. ही रक्कम देशात वरच्या श्रेणीतली आहे. शेळी-वासराच्या भरपाईसाठी मात्र पंचनामा, छायाचित्रे आणि खेटे यांचा फेरा चुकलेला नाही.

शासनाने पकडलेल्या प्रत्येक बिबट्याची ओळख, पकडल्याची जागा, सोडल्याची किंवा ठेवल्याची जागा आणि त्यानंतर त्या दोन्ही ठिकाणी झालेले हल्ले, अशी तालुकानिहाय नोंद नियमितपणे जाहीर केली, तर पुढच्या हंगामातील चर्चा अंदाजावर चालणार नाही. आज ही माहिती विखुरलेल्या वनपरिक्षेत्र कार्यालयांच्या दप्तरांत आहे. ज्या गावांच्या शिवारात प्राणी सोडायचा, त्या ग्रामसभेला निदान आधी कळवण्याची अट घालण्यासाठी कायद्यात दुरुस्तीचीही गरज नाही. मुख्य वन्यजीव रक्षकाचा एक आदेश त्यासाठी पुरेसा आहे.